दलित मैत्रिणीसोबत पोलीस ठाण्यात जाताना (इंदूर)

जातीवरून अपमान किंवा छेडछाड झालेल्या बाईच्या पाठीशी उभं राहायचं, म्हणजे नेमकं काय करायचं? ज्यांना हे काम नित्याचं आहे त्यांनी लिहावं. कहाण्या नकोत, कामाचं सांगा.

वकील, रामबाग
तक्रार करायची की नाही, हे तीच ठरवेल. ठरलं, की त्याच दिवशी वेळ, जागा आणि ऐकणाऱ्यांची नावं लिहून काढा. शिवी जशी दिली तशीच, त्याच भाषेत लिहा. ठाण्यात 'जातिसूचक शब्द कहे' एवढंच उतरतं आणि कोर्टात विचारतात, कोणते शब्द? १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात जातीवाचक शिवीगाळीचा गुन्हा लोकांसमक्ष घडलेला लागतो. चार भिंतींआड, बाहेरचं कुणी नसताना झालेला अपमान त्यात बसत नाही, असं सुप्रीम कोर्टानं २०२०मध्ये म्हटलंय. म्हणून जिन्यातली शेजारीण, वॉचमन, दूधवाला हे साक्षीदार सोडू नका. लैंगिक हेतूनं अंगाला हात लावला असेल तर कलम ३(१)(डब्ल्यू) पाहा. तिथे लोकांसमक्ष घडल्याची अट नाही.

ठाण्यात सोबत जाणारी कार्यकर्ती
अजाक (अनुसूचित जाती-जमातींसाठीच्या खास) ठाण्यातच जा, असं सांगून परत पाठवतात. ऐकू नका, कुठलंही ठाणं झिरो एफआयआर (हद्द कुणाचीही असो, नोंदवता येणारी तक्रार) घेऊ शकतं. 'आधी चौकशी करू' हेही चालत नाही, २०१८पासून याच कायद्यात कलम १८-ए आहे. सहीआधी वाचून दाखवायला लावा, प्रत मोफत मिळते ती घ्या. बौद्ध म्हणून अनुसूचित जातीत येत नाही, असं कुणी म्हटलं तर बौद्धांना त्यात धरणारी १९९०ची दुरुस्ती सांगा.
आणि एक, मला फार महत्त्वाचं वाटतं: सवर्ण माणूस सोबत असला की साहेब त्याच्याशीच बोलू लागतात. तेव्हा गप्प बसा, मान तिच्याकडे वळवा. तुमचं काम अधिकाऱ्याचं नाव नि वेळ टिपण्याचं.

घरकामगार बायकांसोबत काम करणारी
खरा ताण नंतर येतो. 'राजीनामा (म्हणजे तडजोड) करून टाक' म्हणत वस्तीतले, मालकीणबाई, कधी घरचेसुद्धा मागे लागतात. त्या दिवसांत तिला एकटं सोडू नका. जामिनाच्या सुनावणीची सूचना तिला मिळायलाच हवी आणि तिथे तिला बोलता येतं (कलम १५-ए). या कायद्याच्या १९९५च्या नियमांतल्या नियम ११प्रमाणे तारखेला येण्याजाण्याचं भाडं मिळतं, बाईला तिच्या पसंतीचा सोबती नेता येतो, त्याचाही खर्च मिळतो. तिकिटं जपून ठेवा. हे पैसे मागावे लागतात. तिचं नाव, व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. मदत हवी असेल तर राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६६.