शौकाची गाडी: झाकून ठेवायची का रोज फिरवायची? (अनुभव लिहा)

तिसरं_गेट
काल बेळगावात टिळकवाडीत एका बंगल्याच्या पोर्चमध्ये कव्हर घातलेली बुटकी गाडी दिसली, वाऱ्यानं कव्हर उडालेलं, बघतोय तर सॅन स्टॉर्म, स्पोर्ट्स गाडी! आताच्या पोरांना ठाऊक पण नसेल. गोव्यात बनायची ती, दोन सीट, फायबरची बॉडी, इंजिन रेनॉचं. उद्यमबागेत मी नवीन कामाला लागलो तेव्हा एका फौंड्रीच्या मालकांकडं लाल रंगाची होती. वर्षभर शेडमध्ये आणि खंडेनवमीला बाहेर. हार, नारळ, चाकाखाली लिंबू, गोगटे सर्कलपर्यंत एक राऊंड आणि परत आत. मालक काढा की कधीतरी म्हटलं की म्हणायचे, इथं सँड उडतीय, रंग जाईल. आणि इकडं माझा पुण्यातला मावसभाऊ सेकंडहँड पोर्शे बॉक्स्टर घेऊन भाजी आणायला जातोय, डिकी पुढं आहे म्हणून कोथिंबीर ताजी राहते म्हणतो. तर ज्यांच्याकडं आहे किंवा जवळनं बघितलीय त्यांनी लिहा, काढता का नाही आणि का. नुसते फोटो टाकू नका.

कॅम्पातला
बीएमडब्ल्यूची झेड फोर आहे, जुनी, दुसऱ्या हातची. शनिवार रविवार पहाटेच काढतो. शौक वगैरे काय नाही ओ, स्पीडब्रेकर. आमच्याकडं एकेक स्पीडब्रेकर असा की नाक तिरकं करून एकेक चाक चढवायचं, मागनं बस हॉर्न मारतेय, पुढनं म्हैस. पहाटे तिरकं जायला रस्ता मोकळा असतो. निपाणीपर्यंत जाऊन चहा घेऊन परत, ते पण हायवेचं सहा पदरी काम सुरू झाल्यापासून सर्व्हिस रोडनंच निम्मं जातंय.

कुंदा_गोड_लागतो
म्हशीला सांगा झेड फोर आहे म्हणून 😂

निपाणीची_लेक
आमच्या ह्यांनी घेतलीय दोन सीटची. घरात माणसं पाच. आता सांगा कधी काढायची? एकदा सासूबाईंना हौसेनं बसवलं, बसताना विहिरीत उतरल्यासारखं आणि निघताना आम्ही दोघी जावा ओढायला. त्या दिवसापासून घरात कुणी ‘फिरायला जाऊ’ म्हटलं की एर्टिगाची चावी. चिक्कोडीला लग्नाला मी नऊवारी नेसून गेलेय त्यात, ते परत कधीतरी लिहीन, दूध उतू जातंय

पान्हा_नंबर_१२
मी गॅरेजवाला आहे, म्हणून जरा लांब लिहितो. उभी ठेवली की गाडी टिकते हे डोक्यातनं काढा. माझ्याकडं येणाऱ्या शौकाच्या गाड्या जास्त करून उभ्या राहून बिघडलेल्या असतात. पहिली बॅटरी जाते, कारण अलार्म, सेंट्रल लॉक, कॉम्प्युटर हे बंद गाडीत पण थोडा थोडा करंट ओढत असतात. मग टायर. एकाच जागी उभी राहिली की खाली चपटा होतो आणि जिकडं तिकडं भेगा. लोक म्हणतात अजून नक्षी तशीच आहे, अहो नक्षी काय बघताय, टायरच्या साइडला शेवटचे चार आकडे बघा, 2318 असेल तर 2018 सालचा तेविसावा आठवडा. रबर जुनं झालं की मऊपणा जातो, आणि तुम्ही त्याच्यावर दोनशे घोड्यांची गाडी घाटात पळवणार. पावसाळ्यात डिस्कला गंज, पॅड चिकटतात, कातडी सीटवर बुरशी. हँडब्रेक ओढून चार महिने ठेवू नका, चाकाला दगड लावा. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतंय, ते हवेतलं पाणी ओढतं, म्हणून टाकी अर्धी ठेवून विसरू नका. आणि उंदीर. उंदीर लाख रुपयांचं वायरिंग दोन रात्रीत खातो, त्याला कंपनी कळत नाही.
अजून एक, रविवारी पोर्चमध्येच पाच मिनिटं चालू करून बंद करणारे. त्यानं काय होत नाही. ऑइल तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी राहतं, बॅटरी भरायच्या ऐवजी अजून उतरते. काढायची तर नीट अर्धा तास तरी रस्त्यावर काढा. आणि किलोमीटर झाले नाहीत म्हणून ऑइल बदलायचं नाही असं नसतं, वर्षाला बदला.

कॅम्पातला
दादा गॅरेज कुठं आहे तुमचं?

पान्हा_नंबर_१२
मेसेज करतो

केए_बावीस
मी रोज चालवतो. कारण सरळ आहे. कर्नाटकात वीस लाखाच्या वरच्या गाडीला लाइफटाइम टॅक्स 18 टक्के आणि वर सेस. मी तो आधीच भरून बसलोय, शेडमध्ये उभी ठेवली म्हणून सरकार परत देणार आहे का? मित्र म्हणतो कमी पळालेल्या गाडीला विकताना जास्त येतात. म्हणजे जो घेणार त्याच्यासाठी मी सांभाळायची होय?

कुंदा_गोड_लागतो
सचिननं पण विकलीच की ती फेरारी 360 मोडेना. रेसवाल्या शूमाकरच्या हातनं मिळालेली. 2011 ला सुरतच्या माणसानं घेतली. कस्टमवरनं केवढं रान उठलेलं आठवतंय का

तिसरं_गेट
आठवतंय की. घरात आजोबा दोन दिवस त्याच्यावरच भांडत होते, गाडी त्यांनी बघितली पण नव्हती.

स्टेथोस्कोप
नाव सांगत नाही, शहरातच प्रॅक्टिस करतो. गाडी काढत नाही याचं खरं कारण पेशंट. पहिल्याच आठवड्यात दवाखान्याबाहेर लावली तर एक बैलहोंगलचे काका बराच वेळ बघत उभे राहिले, म्हणाले "भाळ छलो ऐत्री साहेब", म्हणजे लई भारी आहे. आणि आत आल्यावर पहिला प्रश्न, फी वाढली काय? फी होती तेवढीच होती. मग ती गाडी घरी आणि दवाखान्याला जुनी आय टेन. इथं सगळे सगळ्यांना ओळखतात ओ. सासरे म्हणतात एवढी भीती तर घेतली कशाला. गोव्यात गेलो की टप उघडून फिरतो, तिथं कोण विचारत नाही, पेशंट भेटलाच तर तो पण लपूनच आलेला असतो.

निपाणीची_लेक
शेवटचं वाक्य 😄😄 डॉक्टर

केए_बावीस
डॉक्टर एक सांगू, लोक दोन आठवडे बघतात, मग त्यांना पण कंटाळा येतो. माझ्या ऑफिसात आता कुणी मान वर करत नाही.

स्टेथोस्कोप
तुमच्याकडं लोक पैसे घ्यायला येतात, माझ्याकडं द्यायला येतात. फरक आहे.

खानापूरकर
जांबोटी कणकुंबी चोर्ला, गोव्याकडचा घाट, दिवाळी झाली की सकाळी लवकर. धुकं, जंगल, वळणं. पण कणकुंबीचा पाऊस माहिती आहे ना, मलप्रभा तिथनंच निघते, त्या पावसात डांबर काय टिकतंय. म्हणून वर्षाचे काही महिनेच माझी गाडी स्पोर्ट्स आहे, बाकी शोपीस. आंबोलीकडनं कोण गेलंय काय हल्ली?

कुंदा_गोड_लागतो
बाची शिनोळीकडनं गेलेलो गेल्या महिन्यात, बरं आहे. शिनोळीच्या पुढं पेट्रोल भरू नको, इकडंच भरून जा, तिकडं महाराष्ट्रात महाग पडतं.

निपाणीची_लेक
आले परत. नऊवारीचं सांगते. बसले ठीक, उतरताना मांडवाच्या दारात सगळं वऱ्हाड बघतंय आणि निऱ्या दारात अडकलेल्या. नवरदेव सोडून सगळ्यांनी माझेच फोटो काढले. तेव्हापासून हे विचारतात, येतीस काय चक्कर मारायला, मी म्हणते तुम्ही जा, येताना कुंदा आणा.

कॅम्पातला
वैनी साखरेचा का खव्याचा?

कुंदा_गोड_लागतो
कुंद्यात खवा नसला तर तो कुंदा कसला बे

खानापूरकर
चोर्ला बुधवारी चालू आहे का कुणी सांगेल काय? पोराला मडगावला सोडायचंय.

पान्हा_नंबर_१२
चालू आहे. पण तुमची ती नेऊ नका, गोव्यातल्या साखळी गावाच्या आधी खाली घासेल. बोलेरो न्या.