‘गाळणे’ म्हणजे घ्यायचं की टाकायचं? (शब्दचर्चा)

रात्रपाळी : डिप्लोमा करून आलेल्या पोरांसाठी मी नेटवर्क स्विचच्या कामाची मराठी टिपणवही लिहितोय. व्हीआरएफपर्यंत गाडी नीट आली. व्हीआरएफ म्हणजे एकाच स्विचमध्ये अनेक रूटिंग टेबलं (कुठल्या पत्त्यांकडे कुठून जायचं याच्या नोंदी, एकेक नोंद म्हणजे रूट), एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही, म्हणून दोन्हीकडे १०.२०.०.०/१६ ही एकच पत्त्यांची रेंज असली तरी भांडण नाही. अडलो ते पुढे. ऑफिसच्या टेबलातले दोन-चार रूट मशीनच्या टेबलात सोडायचे आणि बाकीचे अडवायचे, याला आम्ही दिवसभर ‘रूट लीक करणं’ आणि ‘फिल्टर लावणं’ म्हणतो. वहीत ‘मार्गगळती’ आणि ‘गाळणे’ लिहिलं. पहिल्या शब्दाला पोरं हसली, दुसऱ्यानं घोळ केला. घोळाचं नंतर सांगतो, आधी गळतीचं बघा.

तारतम्य : गळती नको. गळती नळाला लागते, छपराला लागते, ती कुणी लावत नाही. शिवाय इंटरनेटच्या दुनियेत ‘रूट लीक’ म्हणजे खरोखरचा अपघात. एका नेटवर्ककडून ऐकलेले रूट ठरलेल्या हद्दीबाहेर दुसऱ्याला सांगत सुटायचं, की भलत्याच वाटेनं ट्रॅफिक येऊन आदळतो. २०१६ च्या आरएफसी ७९०८ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात त्याचे सहा प्रकार पाडून ठेवलेत. दोन व्हीआरएफमधलं लीकिंग आपण स्वतः बसून, कमांड मारून करतो. इंग्रजीवाल्यांनी दोन्हींना एकच शब्द वापरला, आपण कशाला वापरायचा? गळती त्या अपघातासाठी राखून ठेवा.

कोरडवाहू : मग पाझर म्हणा की. ७२ च्या दुष्काळात आमच्या भागात पाझर तलाव खणले, ते पाणी साठून राहावं म्हणून नव्हे, मुरून खालच्या विहिरींना लागावं म्हणून. मुद्दाम केलेली गळतीच ती. ‘या टेबलातून त्या टेबलात रूट पाझरवले.’

टेबलपंखा : पाझरलेलं पाणी कुठल्या विहिरीला लागेल ते तुमच्या हातात असतं का, दादा? इथं /२४ च्या /२४ (म्हणजे /१६ पेक्षा छोट्या रेंज) मोजून द्यायचे असतात. लीकच म्हणा. फोनवर समोरचा ‘लीक केलंस का’ असंच विचारणार आहे.

शब्दखडे : मला ‘नक्कल’ जवळचा वाटतो, तलाठ्याकडे सातबाऱ्याची काढतो तशी. मूळ नोंद आपल्या टेबलात जिथल्या तिथं राहते, दुसऱ्या टेबलात तिची प्रत जाते. फरक एवढाच की मूळ रूट गेला की नक्कलही आपोआप जाते. सातबाऱ्याच्या बाबतीत असं झालं असतं तर निम्मे दावे उभेच राहिले नसते.
आता घोळ सांगा.

रात्रपाळी : सांगतो. कुठल्या कारखान्यात ते विचारू नका. ऑफिसचं टेबल वेगळं, मशीनचं वेगळं. मशीनना ऑफिसकडचा फक्त १०.२०.०.०/१६ हवा होता, वेळ देणारा सर्व्हर त्यात. जाता जाता मला मेसेज आला : ‘ऑफिसचे रूट मशीनमध्ये घेताना १०.२०.०.०/१६ गाळ.’ मी प्रीफिक्स-लिस्टमध्ये, म्हणजे रेंजांच्या यादीत, पहिली ओळ त्या रेंजला डिनाय (नकार), दुसरी ओळ ०.०.०.०/० एलई ३२ (म्हणजे कुठलीही रेंज) परमिट (परवानगी), अशी लिहून इम्पोर्ट मॅपला, म्हणजे रूट आत घेण्याच्या नियमांना लावली. म्हणजे जो एक हवा तो अडवला आणि ऑफिसचं बाकी सगळं गाव मशीनच्या टेबलात आणून बसवलं. पाठवणाऱ्याला म्हणायचं होतं, चहा गाळतात तसं गाळ, तेवढंच घे. मी समजलो, यादीतून नाव गाळतात तसं गाळ.

शब्दखडे : वा! म्हणजे नाही हो, वाईट झालं. पण उदाहरण सोन्यासारखं आहे. ‘गाळणे’चं कर्म दोन तऱ्हेचं असतं. ‘पाणी गाळलं’, ‘दारू गाळली’ यात जे गाळलं ते हाती राहिलं. दारू गाळली म्हणजे ओतून दिली असं कुणी समजत नाही. वैद्यांचं ‘वस्त्रगाळ’ चूर्ण म्हणजे कापडातून आरपार आलेलं. उलट ‘नाव गाळलं’, ‘धडा गाळला’, ‘गाळलेल्या जागा भरा’ यात जे गाळलं तेच गेलं. एकच क्रियापद, एकदा परमिट, एकदा डिनाय.
‘निवडणे’चीही तीच गत. तांदूळ निवडले तर तांदूळ राहतात, खडे निवडले तर खडे जातात.
आणि एक गंमत. मरणे-मारणे, पडणे-पाडणे, तसं गळणे-गाळणे. तुमचा ‘लीक’ आणि तुमचा ‘फिल्टर’ मराठीत एकाच धातूची पोरं आहेत. वहीत दोन्ही शेजारी ठेवलेत तर भांडणारच.

टेबलपंखा : म्हणूनच म्हणतो, फिल्टरच म्हणा.

शब्दखडे : ‘१०.२० फिल्टर कर’ म्हटल्यावर तरी काय कळलं असतं? नाम ‘फिल्टर’ ठेवा, हरकत नाही. क्रियापद मराठीच हवं, आणि त्याला शेपूट हवं. ‘गाळून घे’ म्हणजे ठेव, ‘गाळून टाक’ म्हणजे काढ. त्याहून बरं, गाळणे सोडूनच द्या. ‘एवढेच घे’ किंवा ‘एवढे वगळ’. ‘वगळणे’ कधी उलटत नाही.

तारतम्य : ‘वगळ’लाही एक खाच आहे. प्रीफिक्स-लिस्ट रूट-मॅपच्या (कलमाकलमानं लिहिलेल्या नियमांच्या) आत वापरली की लिस्टमधला डिनाय रूट हाकलत नाही. त्याचा अर्थ एवढाच की ‘या कलमाशी जुळलं नाही, पुढचं कलम बघ’. पुढच्या कलमाला काही अट नसेल आणि ते परमिट असेल, तर तो ‘वगळलेला’ रूट मागच्या दारानं आत. हाकलायचं काम रूट-मॅपच्या डिनायचं, किंवा शेवटी न लिहिलेला जो डिनाय असतो त्याचं. वहीत लिस्टसाठी ‘जुळतं / जुळत नाही’ आणि मॅपसाठी ‘घे / वगळ’ असे वेगळे शब्द ठेवा.

कोरडवाहू : बांधावर उभं राहून वाचतोय, निम्मं कळलं. पण ‘शेवटी न लिहिलेला डिनाय’ आवडला. आमच्या भाऊबंदकीत तो असतोच.

रात्रपाळी : रात्री पान बदललं. मथळा ‘रूट लीक’ तसाच ठेवला, खाली एक ओळ ‘म्हणजे नोंदीची नक्कल दुसऱ्या टेबलात’. उदाहरण असं : ‘ऑफिसमधून मशीनमध्ये फक्त १०.२०.०.०/१६ आणि त्याच्या पोटातले /२४ पर्यंतचे घे. बाकी वगळ.’ ‘पोटातले’ मुद्दाम घातलं, कारण नुसतं /१६ लिहिलं तर हुबेहूब /१६ चीच नोंद जुळते, आतला /२४ बाहेरच राहतो. सकाळी एका पोरानं वाचून विचारलं, “दादा, मशीनकडून ऑफिसला परत यायचा रूट कोण घेणार?” ते पान लिहायचंच राहिलंय. त्याला ‘परतीची वाट’ चालेल ना?