सफाईच्या कामाला माणसं ठेवताना : तुमचे अनुभव

नवरात्र आलं की घरसफाईचे फोन सुरू होतात ते दिवाळीपर्यंत थांबत नाहीत. आम्ही दोघी बहिणी दोन वर्षं स्वतःच मशीन घेऊन जात होतो. आता चार माणसं ठेवल्याशिवाय निभणार नाही. पुण्यात ज्यांनी असा छोटा व्यवसाय उभा केला त्यांनी पहिली माणसं कुठून आणली, कशी पारखली, ती टिकली का, हे लिहा. फसलेलंही लिहा, त्याचा जास्त उपयोग होईल.

वारजे

मी आधी मोबाइलवर जाहिरात टाकली. फोन भरपूर आले. "उद्या येतो" म्हणणाऱ्यांतले तिघेच आले, त्यातले दोघे पहिला पगार हातात पडल्यावर फिरकले नाहीत. मग जनता वसाहतीतल्या एका ताईंना विचारलं. त्यांनी जाऊ आणली, जावेने शेजारीण. आज त्या एका गल्लीतल्या पाच जणी माझ्याकडे आहेत. एकत्र निघतात; एकीचा खाडा असेल तर आदल्या रात्रीच दुसरी ठरलेली असते. अडचण एकच, गावची जत्रा आली की पाचही जणी एकदम जातात. म्हणून पुढच्या दोघी मुद्दाम येरवड्यातल्या घेतल्या.

नुसतं बोलून माणूस कळत नाही. मी अर्धा दिवस काम देते आणि ठेवलं नाही तरी त्याचे पैसे त्याच दिवशी देते. सरकत्या खिडकीची खालची खाच साफ करायला सांगते. जी आल्याआल्या पाणी ओतते, तिच्या हातून चिखल होतो आणि ओघळ भिंतीवर उतरतात. जी आधी कोरडा ब्रश फिरवून धूळ काढते, मग ओलं फडकं घेते, तिच्या हाताला काम माहीत आहे. पहिलीलाही मी लगेच नाही म्हणत नाही. एकदा दाखवल्यावर दुसऱ्या खिडकीला तिने बरोबर केलं, तर मी तिलाच घेते.

हडपसर

शिकवल्याशिवाय कुणालाही बाथरूममध्ये पाठवू नका. डाग निघेना म्हणून आमच्या नव्या मुलाने अ‍ॅसिडवर ब्लीचिंग पावडर टाकली. क्लोरीन वायू सुटला, दार लावलेलं, पंखा बंद. खोकत, डोळे चोळत बाहेर आला. दवाखान्यातून संध्याकाळी सुखरूप घरी गेला, पण चूक त्याची नव्हती, माझी होती. आता पहिले आठ दिवस जुन्या माणसाच्या हाताखाली, पूर्ण पगारावर. अ‍ॅसिडची बाटली माझ्याच बॅगेत असते. ते संगमरवर खातं, हेही पहिल्याच दिवशी सांगतो.

धायरी

उचल द्यावीच लागते, जूनमध्ये शाळा सुरू होताना तर नक्की. वहीत लिहून सही घेतो आणि तीन पगारांत कापतो. एकदम कापली तर माणूस घर चालवायला दुसरीकडून उचल घेतो आणि तिकडेच कामाला लागतो. १० माणसं झाली की ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा), २० झाली की पीएफ (भविष्य निर्वाह निधी) लागू होतो. हजेरी आणि पगाराच्या नोंदी आधीपासून नीट ठेवा.

बाणेर

एका घरी अंगठी सापडेना म्हणून आमच्या मुलीची पिशवी सगळ्यांसमोर उलटी केली. काम जाईल या भीतीने मी गप्प राहिले. दोन दिवसांनी अंगठी सोफ्याच्या फटीत सापडल्याचा मेसेज आला. मी तिच्या घरी माफी मागायला गेले. तिच्या आईने चहा दिला. ती आतून बाहेर आली नाही. पोलीस पडताळणी मी आजही करून घेते, पण काम ठरवतानाच ग्राहकाला सांगते : दागिने कुलपात ठेवा, आणि काही झालं तर मी पोचेपर्यंत कुणाच्या पिशवीला हात लावायचा नाही.

अप्पर इंदिरानगर

मी कामाला जाणारी आहे, मुलाकडून लिहून घेतेय. पगाराची तारीख सात म्हणजे सात पाहिजे, आम्हालाही भाडं त्याच आठवड्यात द्यायचं असतं. दुसरी गोष्ट कुणी बोलत नाही. दिवसभर जो संडास घासतो, तोच आम्हाला वापरू देत नाहीत. आधीच्या ठिकाणी मी पाणीच कमी प्यायचे, उन्हाळ्यात लघवीला जळजळ सुरू झाली. आताच्या मॅडम काम घेतानाच विचारतात, आमच्या बायकांना बाथरूम वापरू द्याल ना, जेवायला कुठे बसतील? नाही म्हणाले तर ते काम घेत नाहीत. त्यांच्याकडे मला हे चौथं वर्ष आहे.