९९१.२ देऊन ९९२ घ्यावी का? (बेळगाव, केए-२२)

प्रश्न: माझ्याकडे पोर्शे ९११ कॅरेरा ९९१.२ (आधीची पिढी) आहे, पीडीके (पोर्शेचा ड्युअल-क्लच ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). पुण्यात एमएच पासिंगची ९९२ (त्यानंतरची पिढी) कॅरेरा बघितली आहे. बदल करण्यासारखा फरक आहे का? कागदपत्रांचं काय?

उत्तर १: नुसत्या ताकदीसाठी नको. ३७० चे ३८५ एचपी, इंजिन तेच ३.० लिटर ट्विन टर्बो. खरा फरक ८ गिअरच्या पीडीकेचा आणि पुढच्या पकडीचा. गाडी १८०८ वरून १८५२ मिमी रुंद झाली आहे, तेव्हा टिळकवाडीतल्या जुन्या गेटचं माप आरशांसकट घ्या. मागचं चाक आता २० इंची, म्हणजे जुना टायरसेट उपयोगाचा नाही.

उत्तर २: फ्रंट लिफ्ट आहे का ते आधी बघा राव! नाक साधारण ४० मिमी उचलतं. नंतर बसवणं परवडत नाही, आणि चोर्ला घाटाच्या रस्त्यावर त्याच्याविना पुढच्या बंपरचा खालचा ओठ घासणारच. टायरवर ‘एन’ खूण (पोर्शेची मान्यता) हवी. टायरवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष. ‘१२२०’ (२०२० चा बारावा आठवडा) दिसलं तर चारही टायरचे पैसे भावातून वजा करा.

उत्तर ३: कर्जाचा बोजा आधी उतरवून घ्या, मगच फॉर्म २८ वर एनओसी (गाडी दुसऱ्या राज्यात न्यायला आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र). गाडी कर्नाटकात आणल्यापासून बारा महिन्यांच्या आत केए नंबर हवा. इथला आजीवन कर गाडीचं वय धरून भरावा लागतो. महाराष्ट्रातल्या कराचा परतावा कोण घेणार, ते सौद्यातच लिहून घ्या.