गोदी स्फोटाचे स्मरणगीत प्राध्यापकांनी का रचावे?

माझगावची मास्तरीण
14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत झालेल्या स्फोटांच्या स्मरणार्थ आमच्या वस्तीत दरवर्षी मेणबत्त्या लागतात आणि दोन भाषणे होतात. यंदा आमच्या महाविद्यालयातील इतिहासाच्या प्राध्यापकांनी शब्द लिहिले, भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या आणि उत्तम पेटी वाजवणाऱ्या सहकारी बाईंनी चाल लावली आणि वस्तीतल्या पंचवीस-तीस जणांनी ते समूहगान गायले. नंतर एका ज्येष्ठ रहिवाशांनी विचारले, की हे शाहिरांचे काम, मास्तरांनी त्यात का पडावे?

माझ्या मते पडावेच. स्फोटाने उडालेली जहाजातली सोन्याची वीट कोणाच्या तरी घराचे छप्पर फोडून आत पडली, ही गोष्ट मुंबईत सगळ्यांना पाठ आहे. ‘फोर्ट स्टिकाइन’ जहाजात सुमारे चौदाशे टन स्फोटके आणि कापसाच्या गाठी एकत्र भरल्या होत्या, किंवा आग विझवताना 66 अग्निशामक गेले म्हणून हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो, हे मात्र गोदीच्या भिंतीला लागून राहणाऱ्यांनाही सांगावे लागते. पहिला स्फोट दुपारी 4 वाजून 6 मिनिटांनी झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. त्या दोहोंमधला वेळ बाईंनी गाण्यात नुसत्या डफाच्या संथ ठेक्यावर सोडला आहे, तिथे कोणी गात नाही. ज्याने घटनाक्रम नीट वाचला आहे, त्यालाच तिथे थांबावेसे वाटेल. शिवाय व्यवहाराची गोष्ट अशी, की त्या दिवशी भीमजयंती असल्याने शहरातली चांगली गाणारी पथके आधीच ठरलेली असतात.

डफवाला
मास्तरीणबाई, आपल्या हेतूबद्दल शंका नाही, पण आपण ज्याला अभ्यास म्हणता तो गाण्याच्या आड आला, हे मी समोर बसून ऐकले आहे. कोरस तीन पट्ट्यांत वाटला होता, खालचा सूर ज्या बायकांना दिला होता त्यांना तो सापडत नव्हता आणि सगळ्यांचे डोळे हातातल्या कागदावर होते. पोवाड्यात शाहीर ओळ म्हणतो आणि झीलकरी, म्हणजे मागे साथ देणारे, तिचा शेवट उचलतात. त्याला कागद लागत नाही, तालमी कमी लागतात आणि दुसऱ्या खेपेला ऐकणारेही झील धरू लागतात. या शहरातल्या कामगारांना जे गाणे स्वतःचे वाटले ते अमर शेखांच्या गळ्यातून आणि अण्णा भाऊंच्या लेखणीतून आले, आणि अण्णा भाऊ शाळेत दीडच दिवस गेले होते. दुसरे, कटू असले तरी बोलतो. कार्यक्रमाचे फोटो महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या फाइलमध्ये ‘विस्तारकार्य’ म्हणून लागणार नाहीत, असे आपण सांगू शकता का?

निवृत्त ग्रंथपाल
शाहीर एका बाजूला आणि प्राध्यापक दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी या शहरात कधीच नव्हती. कवी वसंत बापट महाविद्यालयात शिकवत होते आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकासाठी लिहीतही होते. संगीताचे अभ्यासक अशोक रानडे यांनी मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राची धुरा वाहिली. फाइलचे म्हणाल, तर फाइलमध्ये लागले म्हणून गाणे खोटे ठरत नाही.

गोदीकामगाराचा नातू
चालीबद्दल मला बोलायचे नाही. माझी हरकत शब्दांना आहे. गाण्यात ‘सहासष्ट’ हा आकडा तीन वेळा येतो आणि हमाल एकदाही येत नाहीत. अग्निशामकांची हजेरी लागत होती, म्हणून त्यांची यादी आहे आणि तिचा मान राखायलाच हवा. गोदीतला बराचसा माणूस मात्र टोळीवाल्याच्या, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या मुकादमाच्या, हाताखाली रोजंदारीवर होता. गोदी कामगारांच्या रोजगाराचे नियमन करणारा कायदा 1948 साली, म्हणजे स्फोटानंतर चार वर्षांनी आला. माझे आजोबा त्या दुपारी गोदीत होते आणि घरी परतले नाहीत. कागदपत्रांतून गाणे लिहिले, की ज्याचा कागद होता तोच गाण्यात येतो. पोवाडा रचणाऱ्याने आधी चाळीत येऊन विचारले असते. तुमचे प्राध्यापक ग्रंथालयात गेले.

माझगावची मास्तरीण
आपला आक्षेप मी दोन्ही सहकाऱ्यांना वाचून दाखवला. आकड्याची अडचण खरी होती, ती सांगते. युद्धकाळातल्या सेन्सॉरमुळे बातमीच आधी दाबली गेली आणि मृतांचे अंदाज आठशेपासून तेराशेपर्यंत जातात. ‘आठशे ते तेराशे’ हे ठेक्यात बसत नाही आणि त्यातला एक आकडा निवडणे इतिहासाच्या माणसाला पटेना, म्हणून जो आकडा पक्का होता तोच घेतला. ही सावधगिरी वर्गात शोभते. गाण्यात तिने अर्धी गोदी पुसली, हे मी मान्य करते. शेवटच्या कडव्यात ‘अनाम कष्टकरी’ असा उल्लेख घालण्याचे त्यांनी सुचवले आहे. डफवाल्यांना एवढेच, की फोटो फाइलमध्ये लागले आहेत. ते नाकारण्यात अर्थ नाही.

डफवाला
खरे बोललात, त्याबद्दल आभार. पण माझा मुद्दा तिथेच आहे. बाई निवृत्त झाल्या किंवा प्राध्यापकांनी दुसरे महाविद्यालय धरले, तर हे गाणे वस्तीत कोण उचलणार?

गोदीकामगाराचा नातू
‘अनाम’ हा शब्द कृपा करून घालू नये. टोळीवाल्याच्या वहीत नसले, तरी माझ्या आजोबांचे नाव आमच्या घरात आहे आणि आमच्याच गल्लीत आणखी तीन-चार घरांत अशी नावे निघतील, असे आई म्हणते. या रविवारी मी विचारून येतो. ती डफाच्या ठेक्यावर, जिथे कोणी गात नाही तिथे, नुसती उच्चारता येतील का, ते बाईंनी पाहावे.