पॅनेलवर वजाबाकी येते, वहीत येत नाही. तुमच्या वर्गात काय अनुभव?

तिसरीचे मास्तर

आमची जिल्हा परिषदेची शाळा. तीन वर्षांपूर्वी लोकवर्गणीतून वर्गात टच पॅनेल बसलं. वर्गणीसाठी दारोदार फिरणाऱ्यांत मीच पुढे होतो, त्यामुळे हे लिहिताना जड जातंय.

यंदा तिसरीला हातच्याची वजाबाकी पूर्णपणे पॅनेलवर घेतली. ५२ वजा २७. मूल दशकाच्या गठ्ठ्याला बोट लावतं, गठ्ठा सुटतो, दहा काड्या एककाच्या घरात जाऊन बसतात. उत्तर २५. वर्ग खूश, मीही खूश. पुढच्या आठवड्यात तशीच उदाहरणं कागदावर दिली, तर २१ पैकी १३ जणांनी ३५ लिहिलं. दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले!

एका मुलीला जवळ बसवून विचारलं, "हे दहा कुठून आले गं?" म्हणाली, "सर, तिथं बोट लावलं की येतात."

मग आइस्क्रीमच्या काड्या आणि रबर आणले. रबर गुंततं, काड्या सांडतात, पुन्हा मोजाव्या लागतात. पण गठ्ठा तिने स्वतः सोडला. तिसऱ्या दिवशी न सांगता पाच खोडून वर चार लिहिला.

माझं मत झालंय की पहिली ते चौथीला जे हाताने करता येतं ते पडद्यावर नेऊच नये. चंद्राच्या कला, हृदयाचे ठोके, ज्वालामुखी अशा, वर्गात आणताच येत नाहीत त्या गोष्टींपुरता पडदा ठेवावा.

सातपुड्याची शाळा

सर, काड्यांचं शंभर टक्के पटलं. पण त्यावरून चौथीपर्यंत सरसकट नियम करू नका.

मी अक्राणी तालुक्यात द्विशिक्षकी शाळेत आहे. दोघांपैकी एक जण सतत मीटिंगला नाहीतर कुठलीतरी ऑनलाइन माहिती भरायला गेलेला. म्हणजे चार इयत्ता आणि एक शिक्षक. मुलांच्या घरी पावरी बोलतात, पुस्तक मराठीत आणि मला पावरी जेमतेम. मग पाचवीत गेलेल्या एका मुलीकडून पहिलीच्या चित्रांवरच्या गोष्टी पावरीत रेकॉर्ड करून घेतल्या. मी तिसरी-चौथीला शिकवत असतो तेव्हा पहिलीची पोरं कोपऱ्यात जुन्या टॅबवर त्या गोष्टी ऐकतात. पहिले दोन महिने तोंड न उघडणारा मुलगा त्या आवाजाला उत्तर द्यायला लागला. हे काम कुठल्या काड्यांनी झालं असतं?

परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले सरांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. पुस्तकात क्यूआर कोड आणायचं त्यांचं काम जिल्हा परिषदेच्या शाळेतूनच सुरू झालं आणि तेही प्राथमिकच्या मुलांसाठी.

आठवीचं विज्ञान

मी मास्तरांच्या बाजूने, पण थोडी पुढे जाऊन सांगते. माध्यमिकलाही हेच होतं.

भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी नोबेल मिळाल्यानंतर, २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात 'फेट' हा प्रकल्प सुरू केला. त्यातली सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून पाहायचे प्रयोग, फुकट आहेत, बरीचशी मराठीतही आहेत. विद्युत परिपथाचं मी दरवर्षी वापरते, कारण तारेतून वाहणारे इलेक्ट्रॉन मला दुसरीकडे कुठे दाखवता येणार? पण यंदा आधी सिम्युलेशन घेतलं आणि मग खरी बॅटरी-बल्ब दिले. सहा गटांपैकी पाचांचा बल्ब लागेना. तार लाखेचा थर दिलेली होती, टोकं ब्लेडने खरवडायची कुणाला सुचलंच नाही. पडद्यावर जोडलेली तार कधी सैल नसते, तिच्यावर लाख नसते. त्या तासाला मुलं खरं काय शिकली असतील तर ते त्या खरवडण्यात. आता क्रम उलटा केलाय. आधी तार, मग पडदा.

पालक, दोन मुलं

घरचं सांगतो. अभ्यास व्हॉट्सॲपवर येतो आणि फोन माझ्याबरोबर कामावर जातो. रात्री नऊला पोरगा अभ्यास उतरवायला बसतो, डोळे मिटत असतात. असर २०२४ या शिक्षणाच्या पाहणीत ग्रामीण भागातल्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांना विचारलं होतं. आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी स्मार्टफोन वापरणारी ५७ टक्के, सोशल मीडियासाठी ७६ टक्के. शाळेला हात जोडून विनंती, तेवढा अभ्यास फळ्यावर लिहून द्या.

आठवीचं विज्ञान

हे अगदी खरं. स्वीडनसारख्या देशानेही २०२३ मध्ये छापील पाठ्यपुस्तकांसाठी पुन्हा सरकारी पैसा काढला.

सातपुड्याची शाळा

ताई, स्वीडनने पडदा कमी केला तर तिथे हातात द्यायला पुस्तकं आहेत. माझ्या शाळेत गोष्टीची पुस्तकं एका पेटीत मावतात आणि पावरीतलं एकही नाही. माझा टॅब कुठल्या पुस्तकाच्या जागी आलेला नाही, जागा रिकामीच होती.

रिसोर्स टीचर

विशेष गरजा असलेल्या मुलांना शिकवणं हे माझं काम. एक मुद्दा राहून जातोय. माझ्याकडे अल्पदृष्टी असलेला चौथीचा मुलगा आहे. बालभारतीची पीडीएफ टॅबवर उघडायची आणि अक्षर हवं तेवढं मोठं करायचं. आधी पुस्तक नाकाला लावून वाचायचा, ओळ चुकायचा, मान दुखायची. "प्राथमिकला पडदा नको" असा नियम झाला की पहिला फटका या मुलाला. नियम करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तो नसतो.

तिसरीचे मास्तर

रिसोर्स टीचर, तुमचा मुलगा माझ्याही डोळ्यांसमोर नव्हता. "नेऊच नये" हे शब्द मागे घेतो. सातपुडा सर, तुमच्या टॅबवरचा आवाज तुमच्या गावातल्या मुलीचा आहे. माझ्या पॅनेलवरचा धडा कुणी बनवला मला माहीत नाही, आणि तो माझ्या पोरांच्या चुका पाहून बनलेला नाही. मला हा फरक मोठा वाटतो.

वजाबाकीबाबत मात्र हटणार नाही. पंधरा दिवस काड्या, मग वही, पॅनेल शेवटी सरावाला. आणि गठ्ठा आपोआप सुटतो ते उदाहरण तर नाहीच.

सातपुड्याची शाळा

मान्य. सोमवारपासून तिसरीला काड्यांनीच घेतो. एका मुलाला किती लागतात?

तिसरीचे मास्तर

नऊ गठ्ठे आणि नऊ सुट्या, म्हणजे ९९. बांबूच्या केल्या तर टोकं घासून घ्या, बोटात कुसळं जातात. रबर जास्तीचे ठेवा, फार तुटतात.