नुसता शेजार पुरत नाही

दोन समाज एकत्र राहिले की शाळेत शिकवलेला एकमेकांविषयीचा आकस गळून पडतो, असं म्हटलं जातं. मला ते इतकं सरळ वाटत नाही. सायप्रसमधलं पिला गाव बघा. संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखालच्या मधल्या पट्ट्यात ग्रीक आणि तुर्की सायप्रियट (सायप्रसचे रहिवासी) १९७४मध्ये तुर्कस्तानच्या आक्रमणानं बेट दुभंगल्यानंतरही एकाच गावात राहताहेत, पण शाळा वेगळ्या आणि गावप्रमुखही दोन!

बाकी बेटावर तर एप्रिल २००३पर्यंत पलीकडे जाणंच जवळपास अशक्य होतं. ग्रीक बाजूच्या मुलांच्या वह्यांवर 'मी विसरत नाही' (म्हणजे १९७४मध्ये गमावलेला उत्तर भाग) असं छापलेलं असायचं. तुर्की बाजूनं २००४मध्ये इतिहासाची पुस्तकं बदलून सूर बराच मवाळ केला. पुढे २००९मध्ये सत्ता पालटली (आपल्याकडे हे कुणाला नवीन नाही) आणि पुस्तकं पुन्हा जुन्या वळणावर गेली.